शेळी वगळून चाळीस शब्द

टाचणी गंजली होती. नखाने उचकटायला गेली तशी ती डोक्यापाशी तुटून तिच्या बोटांत आली, आणि दोन्ही कागदांवर, वरच्या चिठ्ठीवर आणि खालच्या लेखावर, अगदी एकाच जागी तांबूस ठिपका राहिला. तिने तो अंगठ्याने पुसून पाहिला. जाणार नव्हताच. मग, काम टाळायचं असलं की माणूस जसं करतं तसं, ती उगाचच पाकिटाकडे पाहत बसली — तपकिरी पाकीट, कोपरे मऊ पडलेले, वर तिच्याच अक्षरात चित्रकारांचं नाव, नावाखाली जन्मतारीख, तारखेपुढे एक आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढे... कपाटातल्या चारशे-साडेचारशे पाकिटांत असं हे एकटंच होतं... रेघेच्या पुढे एक तारीख लिहून खोडलेली. साधी खोडलेली नाही. आडवी, उभी, तिरपी, शाई पाठीमागे उमटेपर्यंत. ही तारीख मीच लिहिली आणि मीच खोडली. अकरा वर्षं झाली त्याला. आणि यंदाच्या एप्रिलमधली खरी तारीख तिथे अजून कुणी लिहिलीच नव्हती. लिहिणार कोण? काम तिचंच.

वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत तिला चित्रगुप्त म्हणत. तोंडावर म्हणत, आणि नाव इतकं चपखल होतं की तिलाही त्याचं काही वाटत नसे. कुणी नावाजलेला माणूस सत्तरी ओलांडून गेला की ती त्याचं पाकीट उघडायची. आत फोटो, कात्रणं आणि मृत्युलेख, शेवटच्या वाक्यापर्यंत तयार; रिकामी जागा फक्त दिवसाची आणि आजाराची. दर वर्षी एकदा पाकीट काढून ती त्यात भर घालायची, कुणाला एखादा पुरस्कार, कुणाला पणतू. हळूहळू एक समजूतच पसरली होती, की जिचं-ज्याचं पाकीट चित्रगुप्त नीट ठेवते ते माणूस नव्वदीच्या आत काही हलत नाही, एका म्हाताऱ्या नटाने तर फोनच केला होता, "बाई, माझ्यात यंदा काही भर घातलीत की नाही? घाला हो, घाला, हात आखडू नका!" तोही याच वर्षी गेला, शहाण्णवाव्या वर्षी, दुपारचा चहा घेऊन झाल्यावर.

वर्षअखेरच्या पानात तो दुसऱ्या रांगेत होता. पान जवळजवळ लागलेलं होतं. वर फक्त 'निरोप' एवढा एक शब्द, खाली चोवीस चौकोन, प्रत्येकात एक चेहरा, चेहऱ्याखाली चाळीस शब्द. चाळीस म्हणजे चाळीस. पानाची मांडणी करणारा जुना माणूस एकेचाळिसावा शब्द आला की दाढ दुखत असल्यासारखं तोंड करायचा. तेवीस चौकोन भरले होते, चोविसावा कोरा होता, चार वाजता पान छपाईला जायचं होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात आत्ता सव्वाबारा होत होते.

हे पान तिला आवडायचं. हे कुणाला सांगितलं असतं तर त्याने तिच्याकडे जरा मागे सरकून पाहिलं असतं, म्हणून ती सांगत नसे. पण डिसेंबर आला की तिला आतून एक उभारी यायची, कारण वर्षभर ही माणसं एकेकटी गेलेली असायची, धावपळीत, जाहिरातींच्या शेजारी, आणि या एका पानावर ती सगळी प्रथमच एकमेकांना भेटायची. ही सर्जनबाई, तुटलेले हात जोडणारी — पट्टी सुटली की पेशंटच्या हातात संत्रं द्यायची आणि तो ते सोलेपर्यंत समोर बसून राहायची, अर्धा तास लागला तरी, बाहेर कितीही रांग असली तरी. हा कुस्तीगीर, जिंकला की आधी पडलेल्याला उठवून त्याच्या पाठीवरची माती झटकायचा. या बातम्या वाचणाऱ्या बाई. बत्तीस वर्षांत त्यांनी एका खेड्याचं नाव एकदाच चुकीचं उच्चारलं आणि दुसऱ्या दिवशी बातम्या संपल्यावर त्या खेड्याची नाव घेऊन माफी मागितली. आणि हा गणिती, ज्याच्या शेवटच्या वहीत अर्ध्या पानावर लिहिलेलं सापडलं : 'इथून पुढे मला येत नाही.' किती मोठी माणसं! मोठं म्हणजे उंच नव्हे, मोठं म्हणजे... तिला शब्द सापडत नसे, आणि चाळिसांत तो बसलाही नसता. इतकंच कळायचं की ही माणसं होती म्हणून आपण एरवीपेक्षा जरा बरे वागलो. ती पाकिटं भरता भरता हाताला काहीतरी लागून राहिलं.

आणि चोविसावे चित्रकार. त्यांच्याबद्दल लिहायला खरं तर कुणाला पाच मिनिटंही लागली नसती, कारण शेळी होती. पहिलीच्या वाचनाच्या पुस्तकात, सातव्या पानावर, एका साध्या लाकडी खुर्चीवर चारही पाय जुळवून उभी असलेली शेळी; हनुवटी वर, तोंडात अर्धा खाल्लेला कागद — तो कागद म्हणजे त्याच पुस्तकाचं पान, हे मुलांना दोन-तीन दिवसांनी कळायचं आणि मग वर्गात जे हसू फुटायचं ते आवरता आवरायचं नाही. पन्नास वर्षं अख्खा देश त्या शेळीपाशी वाचायला शिकला होता. ती शाळांच्या भिंतींवर होती, कपांवर होती, पोस्टाच्या तिकिटावर होती. चित्रकारांनी त्यानंतर पक्षिकोश केला, सातशे पक्षी, एकेका पिसासकट, पण रस्त्यात लोक त्यांना बोट दाखवून सांगत, ते बघ शेळीवाले.

मी स्वतः तिथेच शिकले. ताईच्या मांडीवर बसून, सातव्या पानावर बोट ठेवून.

"बाई, चोविसावा?"

संपादक केबिनच्या दारात उभा होता. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, मनाने चांगला, पण सगळं लवकर समजून घ्यायची खोड.

"होतंय," ती म्हणाली.

"अहो, त्यात होण्यासारखं काय आहे? शेळी म्हटलं की लेख संपला. मी मांडणीला सांगितलंय, चेहऱ्याशेजारी शेळीही घ्या म्हणून. सगळं पान गंभीर, तेवढाच एक हसरा कोपरा."

"आणि शेळीशिवाय लिहिलं तर?"

तो हसला. "मग गेलं कोण ते लोकांना कळायचं कसं?"

तो आत गेला. चूक नव्हतं त्याचं. नेमकं तिथेच तर ती सकाळपासून अडून बसली होती.

अकरा वर्षांपूर्वीची संध्याकाळ. इस्पितळांच्या बातम्या आणणाऱ्या वार्ताहराचा फोन आला होता : चित्रकारांना बेशुद्ध आणलंय, लक्षण ठीक दिसत नाही, तयारीत राहा. नियम असा की इस्पितळ काही म्हणो, घरी फोन करून खात्री केल्याशिवाय ओळही छापायची नाही. हा नियम तिनेच घालून दिलेला, तिनेच नव्या लोकांना शिकवलेला. तिने घरी फोन लावला. कुणीतरी बाईने उचलला आणि बोलण्याआधीच हुंदका दिला. मागे आणखी कुणी रडत होतं, मोठ्याने, आवरत नसल्यासारखं. "आम्हाला कळलं... फार वाईट झालं," ती म्हणाली. "हो," पलीकडून आलं, "संपलं सगळं." आणि तिला पुढे विचारवलं नाही. कोण गेलं, हे दोन शब्द! ते तिच्या ओठांवर होते, आणि रडणाऱ्या बाईला असं काय विचारायचं, म्हणून तिने ते गिळले. पाकीट उघडलं, तारीख लिहिली, पुढच्या पंचवीस मिनिटांत लेख पानावर गेला.

गेला होता तो त्यांचा कुत्रा. चौदा वर्षांचा. परसात त्याच्यासाठी खड्डा खणताना चित्रकारांना भोवळ आली, शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं, आणि लेख छापला जात होता तेव्हा ते पलंगावर बसून नर्सच्या पाठमोऱ्या आकृतीचं चित्र औषधाच्या कागदावर काढत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"चित्रगुप्त बोलताहेत का?" खणखणीत आवाज. "मी दिवंगत बोलतोय."

"सर..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"अहो, घाबरू नका. लेख झकास झालाय. मुलीने दोनदा वाचून दाखवला. मला तर वाटलं, गेलो असतो तर बरं झालं असतं, इतका चांगला माणूस! फक्त आमच्या कुत्र्याचा उल्लेख राहिला."

त्या दिवशी तिची नोकरी जायची ती त्या फोनमुळे वाचली. जुन्या संपादकांनाही त्यांनी स्वतः फोन केला होता, चूक छान आहे, माणसं काढू नका म्हणून. तिसऱ्या दिवशी चौथ्या पानावर तीन ओळींची दिलगिरी आली. ती तिनेच लिहिली होती. त्यावर पुन्हा त्यांचा फोन. "दिलगिरी वाचली. असं छापायला छाती लागते हो." ती गप्प राहिली. तेव्हाही, आणि नंतरही.

मग दर वर्षी, नोव्हेंबरातल्या त्या तारखेला, फोन. "आज माझी दुसरी पुण्यतिथी." "आज माझी चौथी. काही कार्यक्रम ठेवलाय की नाही कचेरीत?" आणि मग काय चाललंय ते सांगायचे. मरणोत्तर काम जोरात आहे, म्हणायचे. ते थट्टेत म्हणायचे, पण काम खरंच जोरात होतं. दर गुरुवारी ते अंधशाळेत जायचे, जाड पुठ्ठ्यावर सुतळी आणि दोरा चिकटवून उठावाची चित्रं करायचे, आणि मुलं त्यांवरून बोटं फिरवायची. मोर किती मोठा असतो हे कळावं म्हणून त्यांनी एका मुलासाठी मोर खऱ्या मोराएवढा, जमिनीवर पसरून केला होता, पिसाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलगा रांगत गेला आणि दमला. "दमला हो!" ते फोनवर ओरडले होते. "मोर पाहून दमणारा माणूस पाहिलाय कधी तुम्ही?" हे वर्तमानपत्रात कुठेच नव्हतं. हे फक्त पाकिटात होतं, तिच्या हाताने लिहिलेलं. कपाटातली सगळी माणसं तिने कात्रणांतून ओळखली होती. या एका माणसाला तिने त्याच्या मरणानंतर ओळखलं, आणि वर्षातून एकदा पंधरा मिनिटं तिला आपलं हे अशुभ म्हटलं जाणारं काम जगातलं सगळ्यात छान काम वाटायचं.

पाचव्या पुण्यतिथीला त्यांनी थट्टा केली नाही.

"लेखात एक चूक आहे, चित्रगुप्त. पाच वर्षं सांगीन सांगीन म्हणतोय. शेळी माझी नाही."

मग सगळं सांगितलं, एका दमात. पुस्तक छपाईला जायचं होतं, ते दोन आठवडे तापाने पडले, सातवं पान कोरं राहिलं. शेजारच्या टेबलावर पुस्तकातली मोठी अक्षरं काढणारा सहकारी बसायचा, सगळे त्याला अक्षरवाला म्हणत. त्याने जेवणाच्या सुट्टीत, पेन्सिलही न लावता, अक्षरांच्याच कुंचल्याने ती शेळी काढून टाकली. "बरा होऊन आलास की बदल म्हणाला. मी आलो, पाहिली. बदलणार काय, कपाळ! माझ्या साठ चित्रांत तेवढं एकच जिवंत होतं. पुस्तकावर चित्रांसाठी माझं एकट्याचं नाव. पहिल्यांदा कुणीतरी शेळीचं कौतुक केलं तेव्हा मी हसलो. तो समोरच बसला होता, तोही हसला. तिथे तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं... मग अळीमिळी गुपचिळी, ती आजतागायत. तो तर चाळिशीतच गेला. मागे कुणी नाही."

"मग आता तुम्हीच सांगून टाका ना, सर."

"हजारदा ठरवलं. परवा एका शाळेत त्यासाठीच उठून उभा राहिलो. पहिल्या रांगेतल्या एवढ्याशा मुलीने खडू पुढे केला, म्हणे काढून दाखवा. काढली. मी भित्रा आहे हो. तुम्ही दुसऱ्यांदा लिहाल तेव्हा काढा ती तिथून, आणि ज्याची त्याला द्या. तुम्हाला चूक कबूल करायची सवय आहे. म्हणून तुम्हाला सांगितलं."

"बरं," ती म्हणाली होती. एवढा एकच शब्द. त्याच दिवशी तिने चिठ्ठी लिहून जुन्या लेखाला टाचली : शेळी यांची नाही, पुढच्या वेळी दुरुस्त करणे. टाचणी नवी होती, चकचकीत.

आणि पुढची वेळ आली तेव्हा ती कचेरीत नव्हती. एप्रिलमध्ये आईचं खुब्याचं हाड मोडलं, ती तीन आठवडे इस्पितळात आईच्या उशाशी. कचेरीतल्यांनी पाकीट उघडलंच नाही. संगणकात जुना लेख होताच, त्याची तारीख बदलली आणि पहिल्या पानावर लावला. वर भली मोठी शेळी, आणि कुणा हौशी माणसाने तिच्या डोळ्यात अश्रू काढलेला. इस्पितळाच्या बाकावर बसून तिने तो अंक वाचला. तिला आठवतं, तिने आधी काय केलं ते... दुसऱ्या परिच्छेदातला स्वल्पविराम चुकलाय, हे पाहिलं. मग घडी घालून पिशवीत ठेवला आणि आईला सूप भरवलं.

आता हे चाळीस शब्द. यानंतर त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिणार नव्हतं. पुढच्या वर्षी पुढचे चोवीस.

एक वाजता टेबलावरचा फोन वाजला. चित्रकारांची मुलगी. तीही आता पन्नाशीची.

"ताई, उद्याच्या पानात बाबा आहेत ना?"

"आहेत तर!"

"आणि शेळी? शेळी येईल ना? भाच्याच्या मुलीने नुकतंच ते पुस्तक सुरू केलंय हो. म्हटलं, अंक जपून ठेवीन तिच्यासाठी. बाबांना किती आवडायचं, लोक शेळीवाले म्हणायचे ते..."

हिला माहीत असेल का? त्यांनी घरी सांगितलं असेल? आवडायचं, की तुला तसं वाटायचं? विचारावं... सरळ विचारावं... "तुम्ही काळजी करू नका," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा तेच केलं. पुन्हा गिळलं.

तिने लिहायला घेतलं. पहिला मसुदा शेळी अजिबात न घेता : सातशे पक्षी, अंधशाळा, दोऱ्याचा मोर. वाचून पाहिला. एक फार सज्जन, फार गुणी, कुणालाही ठाऊक नसलेला म्हातारा वारला होता. दुसरा मसुदा : 'ज्यांच्या नावाशी खुर्चीवरची शेळी जोडली गेली...' जोडली गेली! वा. सापही मरतो आणि काठीही तुटत नाही. तिला स्वतःचीच शिसारी आली आणि तिने तो पुसून टाकला. तिसरा, खरा : शेळी, खुर्ची, ताप, अक्षरवाला, सगळं मोजलं तर सव्वीस शब्द त्यातच गेले. माणसाला स्वतःच्याच चौकोनात चौदा शब्दांत अंग चोरून उभं राहावं लागणार. ज्यांनी मला उचलून धरलं त्यांना मी एवढीशी जागा देऊ? आणि लोक काय म्हणतील? पन्नास वर्षं फसवलं म्हणतील, बाकी काही वाचायचेही नाहीत.

"अजून नाही झालं?" मांडणीवाला तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. "मी हे पान सकाळपासून चारदा फिरवलं, आणि साहेब म्हणतात जड दिसतंय. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड."

ती दचकली, इतकी की त्याने विचारलं, "काय झालं, ताई?"

"काही नाही. चित्रकारांच्या चौकोनात शेळी टाकलीत?"

"टाकली ना. त्यांनी सांगितलं म्हणून. ही बघा."

त्याने पडद्यावर ती मोठी करून दाखवली आणि चहाला निघून गेला. ती पाहत राहिली. शेळीखालची पुस्तकातली ओळही त्याने कापून घेतलेल्या चित्रात आली होती, ती काळी, ठळक, गुबगुबीत अक्षरं. आणि तिला दिसलं. शेळीच्या पायाची रेघ वर जाड, खाली येता येता निमुळती, शेवटी किंचित उजवीकडे कललेली — आणि खालच्या प्रत्येक अक्षराची उभी रेघ तशीच. तोच कुंचला, तोच हात. शेळीच्या पाठीचा बाकसुद्धा अक्षराचा बाक होता. पन्नास वर्षं लाखो माणसांच्या डोळ्यांसमोर हे उघड पडलं होतं आणि कुणालाही दिसलं नव्हतं, कारण अक्षरं कुणी काढलीत असं कुणी कधी विचारतच नाही. ती असतातच, पाण्यासारखी. आपण शेळी पाहत होतो आणि अक्षरं गिरवत होतो. ताईने माझं बोट धरून फिरवलं ते याच रेघेवरून. पाकिटांवरचं माझं हे वळणदार अक्षर, ज्याचं सगळी कचेरी कौतुक करते, ते मुळात कुणाचं?... चाळिशीत गेलेल्या, मागे कुणी नसलेल्या एका माणसाचं. अख्ख्या देशाला हात देऊन गेला तो, आणि त्याचा एक फोटोही नाही. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं, आनंदासारखं, आणि त्या भरात तिला वाटलं, हे आत्ता फोन करून सरांना सांगावं : सर, अक्षरं पाहिलीत? अहो, तो तर पानोपान आहे!

ते म्हणाले असते, मला काय सांगता, मी शेजारी बसायचो.

मग तीन वाजले. आणि जे ती अकरा वर्षं हातचं राखून होती ते तिच्यासमोर येऊन बसलं. दिलगिरीच्या त्या तीन ओळी. तिला त्या पाठ होत्या : 'चुकीच्या माहितीमुळे कालच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या वृत्ताबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' चुकीची माहिती. कुणी दिली होती चुकीची माहिती? वार्ताहराने बेशुद्ध म्हटलं होतं, ते खरं होतं. फोनवरच्या बाईने संपलं सगळं म्हटलं, तिच्यापुरतं तेही खरंच होतं. चुकीचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. एवढंच, फक्त एवढंच लिहायचं होतं, आणि मी तीन ओळींत ते कुणा अनामिकाच्या माथी मारलं. त्या वार्ताहराला मग दोन वर्षं इस्पितळं मिळाली नाहीत, बाजारभाव लिहीत बसला. तो काही बोलला नाही, मीही नाही. आणि त्या ओळी वाचून हा माणूस म्हणाला, छाती लागते! पाच वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट त्याने माझ्या हातात दिली, का, तर मला कबुलीची सवय आहे. मी हसले नव्हते त्या दिवशी, पण गप्प राहिले होते. समोरच्याने कौतुक केलं आणि मी गप्प राहिले... म्हणजे मीही शेळीवालीच.

दोन भित्री माणसं वर्षातून एकदा फोनवर हसत होती.

हे कळलं तेव्हा तिला वाटलं होतं लाज वाटेल. लाज वाटलीच, पण तिच्या पाठोपाठ, चोरपावलांनी, त्यांच्याबद्दलचा आदर आला, आजवर होता त्याहून जास्त. कारण ते निदान म्हणाले होते. उशिरा, फोनवर, एकट्या बाईजवळ, स्वतःच्या पश्चात सांगायचं म्हणून, पण तोंडाने म्हणाले होते : माझी नाही, मी भित्रा आहे. तिने ते कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. त्या गणित्याच्या अर्ध्या पानाइतकंच मोठं होतं ते. त्याला सव्वीस शब्द लागत असतील तर लागू देत. ते अंग चोरून उभे राहणार नव्हते त्या चौकोनात. दुसऱ्याला जागा देऊन उभे राहणार होते, कुस्तीगीर उभा राहायचा तसे. हे मला सकाळपासून का दिसलं नाही?

तिने तिसरा मसुदा पुन्हा लिहायला घेतला. अक्षरवाल्याचं नाव तिला ठाऊक होतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली, मुंगीएवढ्या टायपात ते होतं. तिने ते लिहिलं. शेळी त्याच्या नावापुढे ठेवली. मग मोर ठेवला. पक्षी गेले, पुरस्कार गेले, तिकीट गेलं. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. पडद्यावर ती ओळ उभी राहिली आणि ती वाचून तिला नेहमीसारखं, लेख जमला की वाटतं तसं, वाटलं नाही. वेगळंच काही झालं. तिने हात कळफलकावरून उचलले.

संपादक केबिनमधून उठला होता. काचेतून तो दिसत होता, कुणाशी तरी बोलत, हाताने थांब म्हणत. तो येईल, वाचेल, उडेल. मुलीला विचारलंत का, म्हणेल, पुरावा काय, म्हणेल, आणि पुरावा म्हणजे एक चिठ्ठी आणि एका कुंचल्याची रेघ. त्याला काय सांगायचं हे तिने ठरवलं नव्हतं. मुलीला काय सांगायचं हेही नाही. ठरवायला हवं होतं, वेळ थोडा होता, पण मन तिकडे जाईचना. ते यंदाच्या नोव्हेंबरातल्या त्या तारखेपाशी, अकराव्या पुण्यतिथीपाशी, अडून बसलं होतं. त्या दिवशी ती दुपारी जेवायला उठली नव्हती. संध्याकाळी सगळे गेले तरी टेबलाशी बसून होती, पाकिटं लावत. कामं फार साचली आहेत, असं तिने घरी आईला सांगितलं होतं. खोटं होतं ते, आणि ते खोटं आहे हे तिला स्वतःलाही आत्ताच, या क्षणी कळत होतं... ती फोनची वाट पाहत होती. एप्रिलमध्ये लेख छापून आला, मग काय झालं? मागेही आला होता. मागेही सगळ्या देशाने वाचला होता आणि त्याच सकाळी फोन वाजला होता. आठ महिने ती आतून, कुणालाही न सांगता, स्वतःलाही न सांगता, तो आवाज कधी येतो याकडे कान लावून होती. आणि पाकीट उघडायचं ती लांबवत होती ते शेळीसाठी नव्हतंच, किंवा निव्वळ शेळीसाठी नव्हतं. दुसऱ्यांदा मी लिहीपर्यंत ते माझ्यापुरते गेलेले नव्हते. वचनाची मुदतच तशी होती.

तिने लिहिलं होतं.

सगळ्या माणसांना तिने आधीच, ती चालती-बोलती असताना, निवांतपणे, रिकाम्या दुपारी निरोप देऊन ठेवलेला होता. कुणाच्या जाण्याने तिचं टेबल कधी हललं नव्हतं. आता संपादक तिच्या दिशेने चालत येत होता, आणि ते उशिरा आलेलं, आठ महिने दाराशी थांबलेलं दुःख त्याच्याही आधी तिच्यापाशी पोचलं. या एका माणसासाठी तिच्याकडे काहीही तयार नव्हतं.